राउटरचं फर्मवेअर बदलावं का? भांडुपच्या एका घरातून आलेला प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपला दोन खोल्यांचं घर, आई-बाबा आणि घरून नोकरी करणारी मुलगी. राउटर पाच वर्षांचा. कंपनीच्या साइटवर त्याचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, २०२१ चं, त्यानंतर काहीच नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडकतात. ऑफिसातला मित्र म्हणतो, ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट, खुलं फर्मवेअर टाक, सगळं सुधारेल. बाबा म्हणतात, चालतंय त्याला हात लावू नकोस. मुलीने विचारलंय, कुणाचं ऐकू?

ताई, तुम्ही एका प्रश्नात दोन दुखणी सांगितली आहेत आणि दोन्हींचं औषध एक नाही. कॉल अडकणं हे एक. कंपनीने राउटर वाऱ्यावर सोडणं हे दुसरं. मी वीसेक वर्षं मुंबईत घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं लावतो आहे. फर्मवेअर बदलून पस्तावलेली माणसं मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांनी ते चुकीच्या दुखण्यासाठी बदललं होतं. म्हणून आधी कॉलचं बघू.

आज संध्याकाळी, कॉल अडकतात त्याच वेळेला, लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि पिंग चालू ठेवा, म्हणजे एखाद्या साइटपर्यंत छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते सतत मोजत राहा. पाच मिनिटं नुसतं बघा. मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पुन्हा बघा. केबलवर दोन्ही वेळा पिंग स्थिर राहिला, तर दोष वाय-फायच्या हवेचा आहे. भांडुपसारख्या दाटीच्या वस्तीत एका खोलीत उभं राहिलं की पंचवीस-तीस नेटवर्कं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तीस घरं तीन चॅनेलांत कोंबल्यावर कुठलंही फर्मवेअर काय करणार? लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या, राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर ठेवा, जमलं तर कामाच्या टेबलापर्यंत केबलच ओढा. काहीही अपलोड होत नसताना केबलवरसुद्धा पिंग उड्या मारत असेल, तर दोष केबलवाल्याच्या बाजूला आहे. त्याच्या लाइनवर संध्याकाळी किती घरं एकदम बसतात, हे तुमचा राउटर ठरवत नाही.

तिसरी शक्यता अशी की एरवी पिंग दहा-बारा मिलिसेकंद आहे, पण अपलोड सुरू होताच तो तीनशे-चारशेवर जातो आणि अपलोड संपताच खाली येतो. इथे मात्र तुमच्या मित्राचं म्हणणं खरं ठरतं, आणि मला यावर थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण घरोघरी हे दुखणं असतं आणि लोक त्यावर जास्त स्पीडचा प्लॅन घेत राहतात.

पास संपल्यावर तिकीट खिडकीपुढची रांग आठवा. पुढे एक माणूस पन्नास जणांची तिकिटं काढतोय आणि मागे सुटे पैसे हातात धरून एकाच तिकिटासाठी तुम्ही उभ्या आहात. तुमचं काम दोन सेकंदांचं, पण गाडी सुटते. फोनने गॅलरीचा बॅकअप सुरू केला की राउटरमध्ये नेमकं हेच होतं. बॅकअपची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांग भरून टाकतात आणि तुमच्या आवाजाचं इवलंसं पाकीट त्यांच्या मागे अडकतं. मेमरी स्वस्त झाली तशी उपकरणांमधली ही रांग लांबतच गेली. जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. डेव्ह टाट आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्यावर एफक्यू-कोडेल आणि केक असे इलाज तयार केले आणि ते जगाला फुकट दिले. टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. आज कुठल्याशा खोलीत एखाद्या मुलीची मुलाखत न अडकता पार पडते, त्यात या माणसांचा वाटा आहे असं मी मानतो.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये एसक्यूएम नावाचं पॅकेज आहे, ते हेच इलाज वापरतं. तुमच्या लाइनचा खरा स्पीड मोजायचा आणि त्याच्या साधारण नव्वद टक्के आकडा तिथे भरायचा. मग रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि राउटर प्रत्येकाला आळीपाळीने पुढे सोडतो. दहा टक्के स्पीड सोडून द्यावा लागतो, पण अपलोड चालू असताना कॉल चालतो. याला प्रोसेसर मात्र लागतो. एमटी७६२१ सारख्या जुन्या चिपवर केक शे-दीडशे एमबीपीएसच्या पुढे दमायला लागतो. तुमचा प्लॅन १०० चा असेल तर ठीक, ३०० चा असेल तर त्या चिपवर नाही.

आता दुसरं दुखणं, बंद पडलेले अपडेट. इथे मी बाबांशी सहमत नाही आणि का ते त्यांनाही वाचून दाखवा. राउटर हे घराचं दार आहे, आणि हे दार रात्रंदिवस अख्ख्या जगासमोर उघडं असतं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्याने कोलमडले. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाची घुसखोरी उघड झाली, ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं तिच्या ताब्यात होती. २०२५ च्या मे महिन्यात एफबीआयने खास जुन्या, कंपनीने सोडून दिलेल्या राउटरांबद्दल इशारा दिला. असे राउटर ताब्यात घेऊन त्यांच्या आडून गुन्हे केले जात होते. घरातल्या माणसाला यातलं काही दिसत नाही, नेट तर चालू असतं. राउटरमधला डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून ती कुठे आहे ते सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता गुपचूप बदलला की बँकेचं नाव टाइप केल्यावर कुठलं पान उघडायचं हे दुसराच कुणी ठरवू शकतो. ‘चालतंय’ आणि ‘सुरक्षित आहे’ यांत हा फरक आहे.

म्हणजे चार-पाच वर्षं अपडेट नसलेला राउटर तसाच ठेवणं हा पर्याय नाही. उरतात दोन, नवा घ्यायचा किंवा फर्मवेअर बदलायचं.

दुसरं शक्य झालं कसं, हे एका परिच्छेदात. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीला तो कोड खुला करावा लागला आणि त्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातली डब्ल्यूआरटी ही अक्षरं त्या मॉडेलचीच. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटोही त्याच गोतावळ्यातले. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ओपनडब्ल्यूआरटीच सांगतो, कारण अपडेट नियमित येतात आणि कुठलं मॉडेल चालतं त्याची यादी उघड आहे.

आता धोके. पहिला धोका राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेला असतो. मॉडेलच्या नावाखाली बारीक अक्षरांत व्ही२, व्ही३ असं काही असतं. लोक ते वाचतच नाहीत. एकाच नावाच्या, एकाच डब्यात विकल्या जाणाऱ्या राउटरच्या दोन आवृत्त्यांत पूर्ण वेगळी चिप असू शकते. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ मध्ये व्ही२ क्वालकॉमच्या चिपवर आहे आणि व्ही३ मीडियाटेकच्या. एकाची फाइल दुसऱ्यात घातली की राउटरची वीट होते, म्हणजे तो पुन्हा उठतच नाही. ब्रॉडकॉमची चिप असेल तर विचार सोडूनच द्या, तिच्या वाय-फायला खुले ड्रायव्हर धड नाहीत. आणि फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) ८ एमबी, रॅम (चालू कामाची मेमरी) ६४ एमबी किंवा त्याहून कमी असेल तरीही नाही. चढेल, पण पुढच्या अपडेटला जागा उरणार नाही आणि एसक्यूएमसाठी तर नाहीच.

यादीत तुमचं मॉडेल आणि तीच आवृत्ती सापडली, तर पहिल्यांदा चढवायची ती ‘फॅक्टरी’ फाइल. ‘सिसअपग्रेड’ ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरसाठी असते. त्या मॉडेलच्या पानावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच खरी. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, साइटवरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेल्या फाइलने राउटर गेल्याची उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोरची आहेत.

वीज हा मुंबईत, त्यातही पावसाळ्यात, वेगळाच विषय. फ्लॅश लिहायला दोन-पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात लाइट गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं अशी अवस्था होते. राउटरला लावायचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो आधी लावा. तुमच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तेवढाच आहे ना, हे बघून घ्या. लॅपटॉप चार्ज केलेला हवा, जोडणी केबलनेच, वाय-फायवरून कधीही नाही.

राउटर अडकलाच तर परतीची वाट आहे का, हे चढवण्याआधी शोधायचं. काही टीपी-लिंक मॉडेलांत लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन, रिसेट दाबून ठेवून राउटर चालू केला की तो टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने मूळ फर्मवेअर परत मागतो. काही लिंक्सिसमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात आणि नवी उठली नाही तर तो जुन्यावर परत जातो. अशी सोय नसेल तर झाकण उघडून सिरियल पिनांना यूएसबी-टीटीएल, म्हणजे त्या पिना लॅपटॉपशी जोडणारा छोटा अडॅप्टर, जोडावा लागतो. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, तो काही शे रुपयांत मिळतो. तो ३.३ व्होल्टचाच हवा, ५ व्होल्टने चिप जळू शकते, आणि जोडायच्या फक्त ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स अशा तीन तारा. झाकण उघडायची तयारी नसेल आणि मॉडेलला टीएफटीपीची वाटही नसेल, तर त्या राउटरवर हा प्रयोग करू नका.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगतो. २०१५ च्या सुमाराला परळच्या एका ओळखीच्या घरातला बंद पडलेला राउटर मी उठवला. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरमधल्या फ्लॅशची पूर्ण प्रत काढून यात उतरवली. दिवे लागले, नेट आलं, घरातली मंडळी खूश. महिनाभर ते सांगत राहिले की आतल्या खोलीत रेंज येत नाही. पूर्वी येत होती. फ्लॅशमध्ये एक छोटा कप्पा असतो, एथेरॉसच्या राउटरांत त्याला एआरटी म्हणतात, मीडियाटेकच्या राउटरांत बहुधा फॅक्टरी. प्रत्येक राउटरचा रेडिओ कारखान्यात मोजून त्याची मापं त्यात लिहितात. ती त्या एकाच राउटरची असतात, जगात दुसरी प्रत नसते. मी त्यावर दुसऱ्याची मापं लिहिली होती, मॅक पत्त्यासकट, म्हणजे राउटरच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासकट. मूळची मापं कायमची गेली. त्या घराला मी नवा राउटर घेऊन दिला, पण आधी एक प्रत काढून ठेवली असती तर तो वाचला असता. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी चढल्यावर पहिलं काम, त्या कप्प्याची प्रत काढून पेनड्राइव्हवर आणि मेलमध्ये ठेवणं. पाच मिनिटांचं काम आहे.

चढल्यावरही लोक गोंधळतात. नव्या ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वाय-फाय बंद असतं आणि पासवर्ड रिकामा असतो. वाय-फाय दिसत नाही म्हणजे बिघडलं असं समजून घाबरू नका, केबल लावून १९२.१६८.१.१ उघडा आणि सगळ्यात आधी पासवर्ड घाला. पण फायबरच्या डब्याचा पत्ताही बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ च असतो. दोघांचा पत्ता एक झाला की नेट येत नाही आणि दोष फर्मवेअरला लागतो. म्हणून फायबरची केबल जोडण्यापूर्वी राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी करून घ्या. शिवाय आपल्याकडचे बरेच केबलवाले जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याला बांधतात. उद्या राउटरच बदललात तर जुना मॅक नव्यात भरावा लागेल, किंवा त्याला फोन करून बदलून घ्यावा लागेल. तेव्हा जुन्या राउटरचा मॅक आणि पीपीपीओईचं, म्हणजे केबलवाल्याकडे लॉगिन करायचं, नाव-पासवर्ड आत्ताच कागदावर उतरवा. रविवारी रात्री केबलवाला फोन उचलत नाही.

फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, मात्र हात लावायचा नाही. तो तुमच्या मालकीचा नसतो, कंपनीची यंत्रणा त्याला दुरून ओळखते आणि त्यात गडबड झाली की लाइनच जाते. फार तर त्यांना तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो नुसती जोडणी पुढे देईल आणि राउटरचं काम तुमचा राउटर करेल. बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचण्यासाठी फर्मवेअर बदलायचा विचार असेल, तर आधी तुमची जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे का, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिला आहे का, ते विचारा. असेल तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काही होणार नाही, फर्मवेअर कुठलंही असो.

आता रेडिओबद्दल, आणि हे मी मनापासून सांगतो. व्हिडिओ बघून मुलं नव्या फर्मवेअरमध्ये देशाचा कोड बदलतात, जास्त पॉवर मिळते म्हणून. कोड भारताचाच ठेवा. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये विनापरवाना वापराला खुले झाले, ते ठरलेल्या पॉवरच्या अटीवर. पॉवर वाढवून उपयोगही होत नाही, कारण राउटर ओरडला तरी फोनला तेवढ्याच जोरात उत्तर देता येत नाही. राउटर तापतो आणि शेजाऱ्याचं नेट बिघडतं. जोगेश्वरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून आहे. अशी रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात आणि वाय-फायचे १२०, १२४, १२८ हे चॅनेल तिथेच येतात. मी ते तिन्ही कुठल्याही घरात लावत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी रात्रभर कुर्ल्याला अडकलो होतो. या शहरात पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राच्या आड आपल्या राउटरने येऊ नये.

सगळ्यात मोठा धोका मात्र चढवण्याच्या दिवशी येत नाही. गिरगावातल्या एका आजोबांकडे मी २०१९ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी बसवून दिलं. त्यांचा मुलगा परदेशात, रोजचा व्हिडिओ कॉल हाच आधार. राउटर छान चालला आणि छान चालतोय म्हणून मी गेलोच नाही. मध्ये २०२१ च्या जानेवारीत राउटरमधलं डीएनएसचं काम बघणाऱ्या डीएनएसमास्क या भागात सात दोष सापडले, डीएनएसपूक नावाने ते गाजले. ओपनडब्ल्यूआरटीने ताबडतोब दुरुस्ती दिली. २०२२ मध्ये दुसऱ्या कामासाठी त्यांच्या घरी गेलो तेव्हा राउटरवर मी बसवलेलीच आवृत्ती होती. दुरुस्ती येऊन वर्ष उलटलं होतं आणि आजोबांना ती करता येणार नाही हे मला माहीत होतं. कंपनीने सोडून दिलेला राउटर आणि मी सोडून दिलेला राउटर, आजोबांसाठी दोन्ही सारखेच होते. त्या दिवसापासून मी दर तीन महिन्यांची तारीख लावून घेतली आणि ज्यांच्याकडे जाणं जमणार नाही त्यांच्याकडे बसवणं थांबवलं.

तुम्हालाही मी हेच विचारतो. फर्मवेअर बदललं की कंपनीची जागा तुम्ही घेता. वॉरंटी असेल तर ती गेली म्हणून समजा आणि बिघाड झाला तर ग्राहक सेवेला फोन करता येणार नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली का बघायचं आणि चढवायची. आता अटेंडेड सिसअपग्रेडची सोय आहे, पॅकेजं आणि सेटिंग सांभाळून नवी आवृत्ती चढते, दहा मिनिटांत होतं. पण ते तुम्हीच करायचं. लग्न, बदली, परगाव, काहीही असलं तरी. ते जमणार नसेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: किती वर्षं अपडेट देणार हे लिहून देणाऱ्या कंपनीचा नवा राउटर घ्या, त्यात आपोआप अपडेट चालू करा, दुरून नियंत्रणाची सोय बंद करा आणि निश्चिंत व्हा. त्यात कमीपणा काही नाही.

जमणार असेल तर घरातल्या एकुलत्या एका राउटरवर सुरुवात करू नका. तुमची नोकरी त्याच्यावर आहे. यादीतलं, किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असलेलं मॉडेल वापरलेलं घ्या, लॅमिंग्टन रोडवर मिळतं, स्टिकर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. शनिवारी सकाळी त्यावर करा. जुना राउटर आठवडाभर शेजारी ठेवा, म्हणजे अडलं तर केबल परत त्यात लावून सोमवारी कामाला बसता येईल. सगळं स्थिर झालं की जुना काढून टाका, नुसता रेंज वाढवायला म्हणून आतल्या खोलीत लावू नका. आणि बाबांसाठी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून राउटरजवळ चिकटवा: कुठली केबल कुठे, बंद पडलं तर आधी काय करायचं, केबलवाल्याचा नंबर. तुम्ही ऑफिसात असताना घरी नेट गेलं तर तो कागद त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी ती संध्याकाळची पिंग चाचणी करा. तिचे दोन्ही आकडे, प्लॅनचा स्पीड आणि राउटरच्या स्टिकरवरची आवृत्तीची ओळ मला पाठवा. सिरियल नंबर आणि वाय-फायचा पासवर्ड त्याच स्टिकरवर असतात, ते झाकून फोटो काढा. तुमचा सध्याचाच राउटर यादीत बसत असेल तर त्याचं काय करता येईल, ते मग बघू.